रोजमुरा मागणारा सेनानी : इब्राहिम खान गारदी आणि जखमी शिपायाचा हक्क

सारोळे (ता. भोर, जि. पुणे) : पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की नीरेचा पूल ओलांडण्याआधी सारोळे लागतं. पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा सुरू. नीरेच्या या काठावर आणि वर भोर-वेल्ह्याच्या डोंगरात फौजेत जाण्याची रीत फार जुनी आहे. निवृत्त जवानाची पेन्शन, जखमी जवानाचं अपंगत्व निवृत्तिवेतन, शहिदाच्या पत्नीला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन, हे शब्द इथं कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

पण अडीचशे वर्षांपूर्वी काय होत होतं? ज्याचा हात तुटला, पाय गेला, त्या शिपायाचं घर कशावर चालायचं? ज्याची लढता लढता जान गेली, त्याच्या बायकापोरांकडे कोण पाहायचं? आणि जो सैनिक वतनदार नव्हता, ज्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, फक्त महिन्याच्या पगारावर लढत होता, त्याचं काय?

हे प्रश्न मनात ठेवून आम्ही आज एका माणसाची हकीकत सांगणार आहोत. नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पानिपतचा विषय निघाला की ते निघतंच : इब्राहिम खान गारदी. ते शूर होते, तोफखान्याचे उस्ताद होते, पेशव्यांशी शेवटपर्यंत इमानदार राहिले, एवढं आपल्या मुलांच्या पुस्तकातही असतं. पण आपल्या शिपायांचा पगार वेळेवर व्हावा म्हणून त्यांनी किती नाराजी ओढवून घेतली आणि जखमी अवस्थेत त्यांचा शेवट कसा झाला, हे फारसं सांगितलं जात नाही. आम्हाला तेच सांगायचं आहे.

गारदी म्हणजे कोण?

अठराव्या शतकाच्या मध्यावर दख्खनमध्ये एक नवीन तऱ्हेची फौज दिसू लागली. १७५१ साली फ्रेंच सेनापती बुसी हैदराबादच्या निजामाच्या मदतीला आला आणि त्याने इथल्याच माणसांना युरोपी पद्धतीची कवायत शिकवली. एका रांगेत उभं राहायचं, हुकूम होताच एकदम बार काढायचा, पुन्हा बंदूक भरायची, पुन्हा बार. शत्रू अंगावर आला तर बंदुकीला लावलेली संगीन पुढे करायची. या पायदळाला गारदी म्हणू लागले. फ्रेंच भाषेतल्या पहारा किंवा रक्षक या अर्थाच्या 'गार्द' शब्दावरून हे नाव पडलं, असं सांगतात. म्हणजे गारदी हे आडनाव नव्हे, जातही नव्हे. ते एका पेशाचं नाव होतं. गारद्यांत मुसलमान होते, हिंदूही होते.

इब्राहिम खान याच तालमीत तयार झाले. बंदूक आणि तोफ यांचा मेळ कसा घालायचा, पलटणी कशा उभ्या करायच्या, गोळागोळी चालू असताना रांग मोडू कशी द्यायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १७५८ मध्ये फ्रेंचांनी बुसीला हैदराबादहून परत बोलावलं. त्याच काळात निजामाच्या घरात भावाभावांत ओढाताण चालू होती. इब्राहिम खान काही काळ निजाम अलीच्या चाकरीत राहिले, मग तिथून मोकळे झाले. सदाशिवरावभाऊंनी त्यांना पेशव्यांच्या चाकरीत घेतलं.

भाऊंना पारख होती. पेशव्यांकडे आधी मुजफ्फर खान नावाचा गारद्यांचा सरदार होता. १७५९ मध्ये त्याने भाऊंच्या जिवावर घाला घालण्याचा कट केला. तो फसला आणि मुजफ्फर खानाला देहदंड झाला. एका गारदी सरदाराने दगा दिल्यावर दुसऱ्या गारदी सरदारावर भरवसा टाकायचा, ही सोपी गोष्ट नव्हती. भाऊंनी तो टाकला आणि तो वाया गेला नाही.

३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. इब्राहिम खानांच्या तोफांनी निजामाची फौज खिळवून ठेवली. समोर त्यांचेच जुने धनी होते, पण ज्याचं मीठ खाल्लं त्याचं काम त्यांनी चोख केलं. या विजयानंतर निजामाने साठ लाखांचा मुलूख सोडला. दौलताबाद, असीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर अशी मोठी ठिकाणं मराठ्यांच्या हाती आली. उदगीरनंतर इब्राहिम खानांचं नाव दख्खनभर झालं.

भांडण पगाराचं

पण पुण्याच्या फौजेत सगळेच त्यांच्यावर खूश नव्हते. याचं एक मोठं कारण होतं पगार.

मराठ्यांच्या जुन्या फौजेची रचना निराळी होती. सरदाराला सरंजाम मिळायचा, म्हणजे ठराविक मुलखाचं उत्पन्न. त्यातून त्याने आपली पथकं सांभाळायची. शिलेदार आपला घोडा, आपलं हत्यार घेऊन यायचा. घोड्यासाठी आगाऊ रक्कम मिळायची, तिला नालबंदी म्हणत. दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायचं, पावसाळ्याच्या तोंडाला घरी परतायचं, शेत पेरायचं. रोजमुरा, म्हणजे शिपायाचा ठरलेला पगार, थकला तरी मागे घर होतं, शिवार होतं, गावात वतनाचा वाटा होता. पगार थकणं ही नेहमीचीच गोष्ट होती. पेशव्यांवर कर्जाचा डोंगर होता आणि लोक थकबाकीची सवय करून घेत होते.

गारद्याचं तसं नव्हतं. तो बारा महिने छावणीत. त्याला रोज कवायत. त्याच्यामागे ना वतन, ना इनाम, ना सरंजाम. त्याचं पोट, त्याच्या आईचं औषध, त्याच्या लेकरांची भाकरी सगळं महिन्याच्या रोख पगारावर. एक महिना पगार चुकला की तो बनियाच्या दारात उभा. आणि कवायती फौजेचं आणखी एक गणित होतं. रांगेतला प्रत्येक माणूस शेजारच्यावर विसंबून असतो. उपाशी माणसं रांग धरत नाहीत.

इब्राहिम खानांना हे उमगलं होतं. म्हणून ते आपल्या माणसांचा पगार दर महिन्याला, रोख आणि ठरल्यावेळी मागायचे. मागायचे म्हणजे अडून बसायचे. बाकीच्या सरदारांना हा उद्दामपणा वाटायचा. आम्ही पिढ्यानपिढ्या राज्याची सेवा करतो, आमची बाकी थकते, आणि हा काल आलेला माणूस महिन्याच्या महिन्याला पैसे मोजून घेतो, अशी कुरकुर होती. खुद्द भाऊही या तगाद्याला वैतागत.

आपल्या घरांत ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी हातावर ठेवावी, ही आपल्या नबींची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इब्राहिम खान स्वतःसाठी हवेली मागत नव्हते. ते आपल्या शिपायांची मजुरी मागत होते.

जखमीची दखल घेण्याची रीत

मराठी राज्यात जखमी शिपायाकडे कुणी बघतच नव्हतं, असं मात्र कुणी समजू नये. उलट ही रीत याच सह्याद्रीच्या कुशीत रुजली. रोहिड खोरं, हिरडस मावळ, गुंजण मावळ ही नावं आजच्या भोर-वेल्ह्याची. शिवाजी महाराजांची पहिली फौज इथल्याच माणसांतून उभी राहिली. १६५९ मध्ये प्रतापगडाखाली अफजलखानाच्या फौजेचा पाडाव झाला. त्यानंतर महाराजांनी काय केलं ते सभासदाने आपल्या बखरीत नोंदवून ठेवलं आहे. जे जखमी झाले त्यांना माणूस पाहून, जखम पाहून २५, ५०, १००, २०० होन दिले. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन बांधून दिलं. त्या दिवशी महाराजांसोबत जे मोजके अंगरक्षक होते त्यांत सिद्दी इब्राहिम होते आणि भुतोंड्याचे येसाजी कंकही होते, हेही लक्षात ठेवावं.

पेशवाईत या रीतीला बालपरवेशी असं नाव होतं. मूळ शब्द फारसी, परवरिश. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पालनपोषणासाठी सरकारातून जी नेमणूक किंवा जमीन मिळायची ती बालपरवेशी. जखमींना बक्षीस मिळायचं, इलाजाचा खर्च मिळायचा. पेशवे दफ्तरात अशा नोंदी आहेत.

आपल्या इतिहासात आणखी मागे गेलं तर हजरत उमर (रजि.) यांचा दिवान आठवतो. त्यांनी नोंदवही तयार करवली आणि लढणाऱ्यांना, त्यांच्या बायकांना, मुलांना वार्षिक वजीफा लावून दिला. मदत कुणाच्या मर्जीवर न सोडता नाव लिहून, रक्कम ठरवून द्यायची, हा त्यातला मुद्दा.

युरोपातही याच काळात हा विचार वाढत होता. फ्रान्सच्या राजाने १६७० मध्ये पॅरिसला अपंग सैनिकांसाठी मोठी वास्तू बांधायला घेतली. १६८२ मध्ये लंडनच्या चेल्सी भागात तसंच काम सुरू झालं. अमेरिकेत १७७६ साली, स्वातंत्र्याची लढाई चालू असतानाच, लढताना निकामी झालेल्या सैनिकाला निम्मा पगार देण्याचा ठराव झाला. ईस्ट इंडिया कंपनीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. बंगालच्या मीर जाफरने मरताना क्लाइव्हच्या नावे पाच लाख रुपये ठेवले होते. त्या रकमेतून कंपनीच्या निकामी झालेल्या सैनिकांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी निधी उभा राहिला, त्याला क्लाइव्हचंच नाव मिळालं.

मग उणीव कुठे होती? उणीव ही, की आपल्याकडची मदत बरीचशी धन्याच्या मर्जीवर आणि लढाईच्या निकालावर अवलंबून होती. जिंकलो तर जखमीला होन, मोहरा, कडं, जमीन. हरलो, तिजोरी रिकामी झाली, धनीच गेला, तर जखमीने कुणाकडे बघायचं? वतनदाराला निदान गाव होतं. पगारी शिपायाला तेही नव्हतं. पानिपतावर हेच उघडं पडलं.

दिल्लीकडे

उदगीरचा आनंद फार दिवस टिकला नाही. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या काठी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी दक्षिणेत आली. अहमदशाह अब्दालीला अडवायला भाऊ उत्तरेकडे निघाले. मार्च १७६० मध्ये परतूरहून फौज हलली. इब्राहिम खानांचा तोफखाना आणि गारदी पलटणी सोबत होत्या. लढाईच्या वेळी त्यांच्या हाताखाली नऊ हजार बंदूकधारी पायदळ, दोन हजार स्वार आणि चाळीस तोफा होत्या, असं काशीराज पंडिताने लिहून ठेवलं आहे. काशीराज हा दक्षिणी ब्राह्मण, पण चाकरीला अवधच्या शुजाउद्दौलाकडे. म्हणजे तो समोरच्या छावणीतला. त्याने जे पाहिलं, ऐकलं ते नंतर फारसीत लिहिलं.

ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, त्यात इब्राहिम खानांच्या तोफांचा मोठा वाटा होता. पण दिल्लीत पैसा नव्हता. शिपायांचा पगार भागवायला लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. यावरून खजिन्याची काय अवस्था झाली होती ते कळतं. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा पडलं. तिथंही तोफांनीच वाट करून दिली. धान्य मिळालं, पैसा मिळाला, पण अब्दाली यमुना उतरून दिल्ली आणि मराठे यांच्या मध्ये येऊन बसला.

पानिपतजवळ दोन्ही फौजा अडीच महिने समोरासमोर बसल्या. लढाई कशी करायची यावर मराठी सरदारांत एकमत नव्हतं. मल्हारराव होळकरांसारख्या जुन्या सरदारांना घोड्यावरची, चपळाईची, जुन्या धाटणीची लढाई हवी होती. भाऊ आणि इब्राहिम खान गोलाच्या लढाईच्या बाजूने होते. मध्ये बायका-मुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे ठेवायचे, भोवती फौज, पुढे तोफा, आणि हळूहळू सरकत जायचं. यावरून पुढे इब्राहिम खानांना बराच दोष दिला गेला. पण एक गोष्ट विचारात घ्यायला हवी. घोडेस्वार अंगावर आलं की निसटू शकतो. पायदळ कुठे जाणार? तोफा कुठे जाणार? आणि गोलातल्या हजारो बिनहत्यारी माणसांना सोडून कोण पळणार? इब्राहिम खानांच्या माणसांना उभं राहूनच लढावं लागणार होतं.

थंडी वाढली, रसद तुटली. डिसेंबरमध्ये रसदेची जबाबदारी असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले. दिल्लीहून येणारा खजिनाही वाटेत लुटला गेला. छावणीत माणसं, जनावरं उपाशी मरू लागली. गारद्यांचा त्या महिन्याचा पगार झालाच नाही.

१४ जानेवारीची सकाळ

१४ जानेवारी १७६१, बुधवार. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू असं ठरवून मराठी फौज पहाटे बाहेर पडली.

काशीराजाने त्या सकाळची एक हकीकत दिली आहे. इब्राहिम खान घोड्यावरून भाऊंकडे आले, सलाम केला आणि बोलले. मी माझ्या माणसांसाठी नियमित पगार मागत राहिलो म्हणून आपण माझ्यावर बरेच दिवस रागावलेले आहात, असं त्यांनी सरळ सांगितलं. या महिन्यात तर खजिनाच लुटला गेला आणि आम्हाला काहीच मिळालं नाही, हेही सांगितलं. पण त्याचं आज काही नाही. आजवर घेतलेला पगार आम्ही फुकट घेतलेला नाही हे आज दाखवून देऊ, असा त्या बोलण्याचा आशय होता.

मग ते आपल्या पलटणींकडे परतले. एक निशाण त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं. मराठी फौजेच्या डाव्या बाजूला ते होते आणि समोर हाफिज रहमत खान व दुंदे खान यांचे रोहिले. रोहिल्यांनी बाजूने येऊन घेरू नये म्हणून त्यांनी दोन पलटणी तिरक्या उभ्या केल्या. उरलेल्या सात पलटणी घेऊन ते संगिनी रोखून सरळ रोहिल्यांवर चालून गेले.

दुपारपर्यंत रोहिल्यांची रांग फाटली होती. त्यांचे आठ-नऊ हजार लोक मेले किंवा जखमी झाले, असा काशीराजाचा अंदाज आहे. पण गारद्यांनी याची किंमतही तेवढीच मोजली. नऊपैकी सहा पलटणी जवळजवळ संपल्या. त्यांच्या मदतीला असलेले दमाजी गायकवाड जखमी झाले. इब्राहिम खानांना भाल्यांचे अनेक वार बसले, बंदुकीची गोळीही लागली.

दुपारनंतर पारडं फिरलं. विश्वासराव पडले, भाऊ गर्दीत शिरले, फौज फुटली. ज्यांच्याकडे घोडे होते त्यांतले बरेच निसटले. इब्राहिम खान निसटले नाहीत. ते जखमी अवस्थेत पकडले गेले.

सहा पलटणी म्हणजे हजारो घरं. त्यांतल्या कितीतरी घरांत दख्खनची बोली बोलली जात असेल. त्या महिन्याचा पगार न घेता ही माणसं मेली. पैशासाठी लढणारे भाडोत्री, असं ज्यांना म्हटलं गेलं, त्यांनी त्या दिवशी बिनपगारी लढाई केली.

जखमी कैदी

शुजाउद्दौलाने इब्राहिम खानांना आपल्या तंबूत ठेवून घेतलं. त्यांच्या जखमांवर मलमपट्टी केली. त्यांना गुपचूप लखनौला पाठवून द्यावं असा त्याचा विचार होता. जखमी दुश्मनाला आसरा देणं हा शराफतीचा भाग आहे, आणि शुजाने ती दाखवली, हे नोंदवायला हवं.

पण अब्दालीच्या छावणीत बातमी फुटली. गारद्यांच्या संगिनींनी ज्यांची माणसं मारली होती त्यांचा राग पेटलेला होता. मुसलमान असून मराठ्यांकडून लढला, हाही रोष होता. शुजाने आधी आपल्याकडे कुणी नाही म्हणून सांगितलं, मग त्याच्यावर दबाव आला आणि अखेर इब्राहिम खानांना अब्दालीचा वजीर शाह वली खान याच्या ताब्यात द्यावं लागलं. तिथे त्यांचे हाल झाले. मलमपट्टी म्हणून जखमांवर विष लावलं गेलं, असं त्या वेळी बोललं जात होतं. आठवड्याभरात त्यांचा इंतकाल झाला.

जखमी सैनिकाला सगळ्यात आधी काय लागतं? पाणी, पट्टी, आणि आपला जीव आता सुरक्षित आहे असा दिलासा. ज्या माणसाने हयातभर आपल्या शिपायांचा हक्क मागितला, त्याला शेवटी यातलं काहीच धड मिळालं नाही. एवढा मोठा सेनानी असूनही त्यांच्या जखमेला वाली नव्हता. मग साध्या गारद्याच्या जखमेला कोण होतं?

जो वाचला, त्याने काय शिकलं

त्याच रणातून आणखी एक जखमी माणूस पळत होता. त्याचा पाय कायमचा जायबंदी झाला होता. त्याला राणेखान नावाच्या एका मुसलमान भिश्त्याने आपल्या बैलावर घालून बाहेर काढलं आणि दक्षिणेत सुखरूप आणलं. तो जखमी म्हणजे महादजी शिंदे. महादजींनी हे उपकार विसरले नाहीत. राणेखानाला भाई म्हटलं, जहागीर दिली, सरदार केलं. पाणी वाहणारा माणूस पुढे फौजांचा सेनापती झाला.

पण महादजी एवढ्यावर थांबले नाहीत. १७८४ मध्ये त्यांनी सव्हॉयच्या द बॉयनला चाकरीत घेतलं आणि कवायती कंपू उभे केले. इब्राहिम खान जे मागत होते ते या कंपूंत आलं. पगारासाठी दुआबातला मुलूख स्वतंत्र तोडून दिला, म्हणजे शिपायाचा रोजमुरा दरबारच्या मर्जीवर राहिला नाही. जखमी झालेल्याला जखमेच्या मानाने पंधरा दिवसांपासून तीन-चार महिन्यांच्या पगाराइतकं बक्षीस मिळे आणि इलाज चालू असताना त्याचा पगार कापला जात नसे. जो कायमचा निकामी झाला त्याला हयातभर निम्मा पगार आणि वर जमीन. जो मेला त्याची मालमत्ता त्याच्या वारसांना.

पेन्शन म्हणजे दुसरं काय असतं? महादजी त्या रणातून लंगडत परतले होते. पगारी पायदळ काय करू शकतं आणि त्याला वाऱ्यावर सोडलं तर काय होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. इब्राहिम खानांचा तगादा तीस वर्षांत एका मराठी फौजेचा कायदा झाला, असं म्हटलं तर चूक होणार नाही.

पुण्यात मात्र हा धडा वेळेवर घेतला गेला नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारदी थकलेल्या पगाराची ओरड करत शनिवारवाड्यात घुसले आणि तरुण नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यामागे घरचाच कट होता. मारेकऱ्यांत सुमेरसिंग होता, खरगसिंग होता, महंमद युसुफही होता. गुन्हा गुन्हाच होता, त्याची सफाई कुणी देऊ नये. पण कट रचणाऱ्यांना थकलेला पगार आयताच सापडला, हेही खरं. त्या दिवसापासून मराठीत गारदी हा शब्द मारेकरी या अर्थाने चिकटला. पानिपतावर संगिनी रोखून मेलेल्या हजारो गारद्यांची आठवण त्या एका शब्दाखाली दबून गेली.

आपण काय घ्यायचं

इब्राहिम खानांचं नाव आपल्याकडे बहुतेकदा एकाच कामासाठी घेतलं जातं : बघा, एक मुसलमान मराठ्यांशी किती इमानदार होता. ते खरंच आहे आणि त्याचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण इमानदारीचा दाखला देऊन थांबलो तर त्या माणसाची अर्धीच गोष्ट सांगितली, असं आम्हाला वाटतं. ते इमानदार होते आणि हक्कही मागत होते. हक्क मागितला म्हणून त्यांची इमानदारी कमी झाली नाही. उलट ज्या सकाळी इमानदारीची कसोटी लागली, त्या सकाळीही त्यांनी थकलेल्या पगाराची गोष्ट लपवली नाही. आधी ती तोंडावर सांगितली, मग जाऊन लढले.

आज सैनिकाची पेन्शन हा कायद्याने ठरलेला हक्क आहे. जिल्हा पातळीवर सैनिक कल्याण कार्यालयं आहेत. आपल्या नात्यात, मोहल्ल्यात, गावात कुणी माजी सैनिक असेल, एखादी वीरपत्नी असेल, तर त्यांचे कागद पूर्ण आहेत का, वारसाची नोंद झाली आहे का, एवढं तरी विचारावं. नोंद नसेल तर हक्क असूनही हाती काही येत नाही. हजरत उमर (रजि.) यांच्या दिवानापासून पेशवे दफ्तरातल्या बालपरवेशीपर्यंत सगळ्यांचा धडा तोच आहे : नाव लिहिलेलं असावं.

आणि ज्यांच्याकडे गॅरेज आहे, बेकरी आहे, शेत आहे, कारखाना आहे, ज्यांच्या हाताखाली चार माणसं काम करतात, त्यांनी महिनाअखेरीला इब्राहिम खानांची आठवण ठेवावी. पगार मागणारा माणूस नमकहराम नसतो. कामावर हात भाजला, पाय मोडला, तर त्या दिवसाची मजुरी कापायची नसते, इलाज करायचा असतो.

दर जानेवारीत पानिपतचा दिवस येतो. त्या दिवशी भाऊंची, विश्वासरावांची आठवण निघते, निघायलाच हवी. त्यांच्यासोबत इब्राहिम खानांसाठी आणि त्यांच्या त्या सहा पलटणींसाठी घराघरांतून एक फातिहा पढली जावी. त्यांचा जानेवारी महिन्याचा पगार अजून बाकी आहे.